दोन आदर्श परस आणि एक मोरी

कोणत्याही देशाची प्रगती त्या देशातली कोंबडी कुणाच्या परसात चरते यावरून ओळखावी. जिथं कोंबडी मालकाच्या परसात चरते तो देश पुढारलेला. जिथं ती शेजाऱ्याच्या परसात चरते तो मागासलेला. आणि जिथं ती कुठं चरते हे मालकाला ठाऊकच नसतं ते गाव म्हणजे पनवेल, ही गोष्ट आमच्या लक्षात आली तेव्हा स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं होत आली होती. आणखी उशीर करणं बरं दिसलं नसतं.

म्हणून 'पनवेल परस सुधार मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष महादेवराव यांनी जन्मात कोंबडी पाळलेली नव्हती, त्यामुळे त्यांची दृष्टी निःपक्षपाती होती. उपाध्यक्षांच्या घराला परस नव्हतं, त्यामुळे परसाच्या प्रश्नावर ते सर्वांत जास्त वेळ बोलू शकत. प्रस्तुत लेखक चिटणीस होता (आणि मंडळ विसर्जित करायचं कुणी मनावर न घेतल्यामुळे आजही आहे).

कार्याला हात घालण्याआधी मंडळानं रीतसर पाहणी केली. गावातल्या शंभरापैकी साठ कोंबड्या शेजाऱ्याच्या परसात अंडी घालतात असं आढळलं. उरलेल्या चाळीस कोंबड्यांविषयी माहिती देण्यास शेजाऱ्यांनी नकार दिला. भाजीचं नुकसान प्रत्येक घरी होत होतं आणि प्रत्येक घरी ते शेजाऱ्याच्या कोंबडीनंच केलेलं होतं. स्वतःच्या कोंबडीनं स्वतःच्या मालकाचा माठ खाल्ल्याचं एकही उदाहरण आम्हांला मिळालं नाही. यावरून कोंबडी मुळात सुशील असते, तिला बिघडवते ती शेजाऱ्याची मालकी, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं.

त्याच सुमारास वरून योजना आली. योजना सुंदर होती. प्रत्येक घरी परस, प्रत्येक परसात पांढऱ्या विलायती कोंबड्या आणि भाजीचे वाफे. कोंबडीची शीट वाफ्याला, वाफ्यातला पाला कोंबडीला, अंडी आणि भाजी माणसाला. असं हे चक्र अध्यक्षांनी फळ्यावर खडूनं काढून दाखवलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. (या चक्रात माणसाकडून कुणाला काय मिळतं, असं एका सभासदानं विचारलं. त्याला पुढच्या सभेचं बोलावणं गेलं नाही.)

मग प्रश्न आला जाळीचा. योजनेबरोबर तारेची जाळी आली होती, पण ती कुठं लावायची हे सांगणारा कागद आला नव्हता. काहींचं म्हणणं, कोंबड्यांभोवती लावावी. काहींचं म्हणणं, भाजीभोवती लावावी. दोन्ही पक्षांत इतकी जुंपली की चहा थंड झाला. शेवटी अध्यक्षांनी पाहणीकडे बोट दाखवलं. नुकसान करते ती शेजाऱ्याची कोंबडी. तेव्हा जाळी शेजाऱ्याच्या आणि आपल्या मध्ये लावावी, म्हणजे ज्याची कोंबडी त्याच्याच भाजीपाशी राहील, आणि स्वतःची भाजी तर ती खात नाही. एवढा सरळ विचार आधी कुणाला कसा सुचला नाही, याचं सर्वांना नवल वाटलं.

सर्वांत चांगल्या परसाला 'आदर्श स्वावलंबी परस' अशी पत्र्याची पाटी द्यायची ठरली. अटी तीनच होत्या. परसात कोंबड्या आणि भाजी दोन्ही हव्यात. जे पिकेल ते त्याच घरात खाल्लं जावं. आणि शेजाऱ्याला काही देऊ नये, शेजाऱ्याकडून काही घेऊ नये, कारण वाटीभर साखरेपासूनच परावलंबनाला सुरुवात होते.

आता तळ्यामागच्या आळीतल्या दोन घरांकडे वळतो. ही घरं त्या काळी मागासलेपणाचा नमुना म्हणून दाखवण्यासारखी होती.

एक घर सामाजी मनासे यांचं. ते मुंबईच्या गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेले, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. घरी ते आणि मिल्काबाई दोघंच. मुलगी तमार लग्न होऊन भायखळ्याला गेलेली. शेजारचं घर धर्मराज यांचं. ते मिठागरावर मुकादम, जातीनं आगरी. त्यांची बायको वेणू, जवळच्या ओवे गावाहून आलेली. सामाजींच्या परसात नुसत्या कोंबड्या, भाजीचं पान नाही. धर्मराजांच्या परसात नुसती भाजी, कोंबडीचं पीस नाही. मध्ये निवडुंगाचं कुंपण आणि कुंपणात एक भगदाड. हे भगदाड कुणी पाडलं याची चौकशी मंडळानं केली, तेव्हा ते आधीपासूनच आहे असं दोन्ही घरांनी सांगितलं.

या भगदाडातून जो प्रकार चाले तो सांगतो. शुक्रवारी दिवस मावळला की सामाजींच्या घरी शब्बाथ सुरू होई. दुसऱ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत चूल नाही, खुरपं नाही, अंडं उचलणं नाही. कोंबडी हा प्राणी कोणत्याच धर्माचा नसल्यामुळे शनिवारीही अंडी घालतो. ती वेणू येऊन उचली, खुराडं झाडी आणि अंडी घरी नेई. उलट श्रावणात वेणूच्या घरी अंड्याचं नाव काढत नसत, तेव्हा सगळी अंडी मिल्काबाईंची. वेणूच्या वाफ्यात वांगी लटकत, पण आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत तिच्या घरात वांगं शिजत नसे. ती टोपली भरून भगदाडातून पलीकडे जात. मिल्काबाईंनी अंडं फोडलं आणि आत रक्ताचा ठिपका निघाला तर त्यांना ते चालत नसे. ती वाटी भगदाडातून अलीकडे येई. शीट इकडे, पाला तिकडे. दोन्ही घरांचं चालणं आणि न चालणं एकमेकांत असं बसलं होतं की वर्षभरात काही म्हणून वाया जात नसे. मंडळाच्या दृष्टीनं हीच काळजीची बाब होती, कारण जिथं काही वाया जात नाही तिथं सुधारणेला जागा उरत नाही.

वेणू लग्न होऊन आली तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती. सासू कडक, आळीत ओळखीचं कुणी नाही. एका सकाळी ती परसात तोंड लपवून रडत होती, तेव्हा भगदाडातून एक हात आला. हातात उकडलेलं अंडं होतं, सोललेलं, वर मीठ लावलेलं. त्या दिवसापासून वेणूचं सकाळचं बोलणं त्या भगदाडाशीच होई. सासू गेली, पोरं झाली, मोठी झाली; भगदाडाशी बोलणं सुटलं नाही. आईपेक्षा मिल्काबाय जवळची, असं ती चारचौघांत सांगे. मिल्काबाई तसं काही बोलत नसत, पण तमारला पत्र लिहायला बसल्या की अर्धं पत्र वेणूविषयी असे.

पुरुषांचंही थोडंफार असंच होतं. संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना दोन दगडांवर दोघं बसत. सामाजी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत, धर्मराज सरकारला नावं ठेवत. तंबाखू सामाजींची, चुना धर्मराजांचा. (दोघांपैकी एकाकडेही तंबाखू आणि चुना एकाच वेळी कधी असल्याचं आळीत कुणाला आठवत नाही.)

अशा घरांत मंडळ पोचलं. पाटीचं ऐकून दोन्ही पुरुषांचे डोळे चमकले. सामाजींना गोदीत इतकी वर्षं घासून साधं शाबासकीचं पत्र मिळालं नव्हतं. धर्मराजांना पाटी हवी होती, कारण पाटी आळीत एकालाच मिळणार आणि सामाजींना मिळण्याचा संभव होता. दोघांनी नावं दिली. निवडुंग तोडला, भगदाड त्याच्यासोबत गेलं आणि त्या जागी जाळी उभी राहिली. त्या संध्याकाळपासून दोघं दगडांवर बसेनासे झाले. स्पर्धेच्या काळात बोलणं अटींत बसत नाही, असा दोघांनी आपापला अर्थ लावला. सामाजींनी स्वतःचा चुना आणला, धर्मराजांनी स्वतःची तंबाखू. प्रमाण कुणालाच जमेना आणि दोघांचीही तोंडं पोळली.

पहिल्या सकाळी वेणू जाळीशी आली.

"मिल्काबाय, आता कसं वो करायचं?"

"तोंड दिसतंय ना एकमेकींचं? सध्या तेवढ्यावर भागव."

"त्वांड बगून काय करू? शनवारी तुमचं कोन बगंल? आनि माजी वांगी कुनाच्या घशात घालू?"

"तुझ्या नवऱ्याला पाटी हवी आहे, माझ्या नवऱ्याला पाटी हवी आहे," मिल्काबाई म्हणाल्या. "पाटीवर वांगी चिरून बघू, कशी होतात."

विलायती कोंबड्यांनी मात्र मंडळाचं शास्त्र वाचलेलं नव्हतं. आठवड्याच्या आत त्यांनी दोन्ही परसांतला माठ, मुळा आणि भेंडीची रोपं मुळासकट उकरून काढली. ही तक्रार आली तेव्हा अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की कोंबडी स्वतःची भाजी खात नाही, ती फक्त तपासून बघते. तपासणी संपली की थांबेल. त्याप्रमाणे रोपं संपल्यावर ती थांबलीही.

पण त्याच कोंबड्यांना आणखी एक खोड होती. ऊन पडलं की जाळीच्या बुडाशी भुसभुशीत मातीत त्या लोळायच्या. लोळून लोळून तिथं खड्डा झाला, जाळीचं बूड उचलून वर वळलं आणि एके दिवशी एक वाकड्या तुऱ्याची कोंबडी या परसातून त्या परसात गेली. वेणूनं ते पाहिलं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि भोकातून वांग्यांची टोपली पलीकडे सरकवली. पलीकडून टोपली रिकामी आली नाही.

दोन-चार दिवसांत सगळं पूर्ववत झालं. म्हणजे दोन्ही घरच्या कोंबड्या मिल्काबाईंच्या परसात आणि दोन्ही घरची भाजी वेणूच्या परसात. मंडळाचं कुणी बघायला येणार असलं की तेवढ्यापुरती वाटणी होई. त्यासाठी वेणूनं घासलेटच्या रिकाम्या डब्यांत वांगी आणि मिरच्या लावल्या होत्या. माणसं येण्याची कुणकुण लागली की डबे भोकातून तिकडे जात आणि अर्ध्या कोंबड्या भोकातून इकडे येत. कोंबड्यांना इतकी सवय झाली की वेणूनं भाताचे दाणे टाकून 'बाऽ बाऽ' केलं की त्या आपणहून ओळीनं निघत. (योजनेची शिस्त जनतेत इतकी कधी मुरलेली मी पाहिली नाही.) दोघी बायका अंगानं काटकुळ्या होत्या. तरी मिल्काबाईंचे गुडघे दुखत, त्यामुळे सरपटत जायचं-यायचं काम वेणूकडे होतं.

पुरुषांना यातलं काही कळलं नाही. दोघंही परसात फक्त पाहुण्यांना घेऊन येत, आणि आल्यावर शेजाऱ्याचं परस आपल्यापेक्षा वाईट आहे ना, एवढंच पाहत.

श्रावण लागला आणि जिल्ह्याचे साहेब अंतिम तपासणीला यायचे ठरले. मंडळानं दिवस निवडला शनिवार. कारण त्या दिवशी कचेरी अर्धा दिवस असते आणि साहेबांना काम नसतं. सामाजी अध्यक्षांकडे गेले.

"शनिवार तेवढा टाळा, महादेवराव. आम्ही त्या दिवशी कामाला हात लावत नाही."

"आम्ही कोंबड्या तपासणार आहोत, सामाजी," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हांला कोण तपासतंय?"

ही बातमी दोघी बायकांपर्यंत पोचली तेव्हा वेणूचा चेहरा उतरला. शनिवारी मिल्काबाई नवऱ्याबरोबर सिनेगॉगमध्ये असणार. त्यांचं परस, आपलं परस, कोंबड्या, डबे, सगळं एकटीनं सांभाळायचं. आणि साहेब नवे, डोळे ताजे.

"त्याला भोक दिसलं तं बुजवतील, बाय. बुजवलं तं मी मरंन."

"मरायचं मग बघू," मिल्काबाई म्हणाल्या. पण भोकातून त्यांनी वेणूचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "हे बघ. कुणी विचारलं आणि तुला माझं नाव घ्यावं लागलं तर घे. नाव काही पोळत नाही."

शनिवारी सकाळी पाऊस पडून गेला होता. साहेब जीपमधून उतरले. हार, नारळ, अध्यक्षांचं भाषण, उपाध्यक्षांचं त्याहून मोठं भाषण हे सगळं आटोपल्यावर आम्ही तळ्यामागच्या आळीत शिरलो. धर्मराज नवी टोपी घालून साहेबांना सामोरे आले होते. स्पर्धकानं दुसऱ्याचं परस बघू नये असा नियम नसल्यामुळे तेही आमच्याबरोबर सामाजींच्या घरात आले. घर उघडं होतं. मागल्या दारानं परसात गेलो तर वेणू डब्यातल्या वांग्यांना पाणी घालत होती. भोकातून नुकतीच आल्यामुळे पाठीवर चिखल होता.

"घरच्या आपणच का?" साहेबांनी विचारलं.

वेणूनं पदर सावरला. आमच्यात उभ्या असलेल्या स्वतःच्या नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "हां सायेब. मिल्काबाय."

धर्मराजांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आता बोलावं तर आपलीच बायको शेजाऱ्याच्या परसात राबताना सापडली हे कबूल करावं लागतं, आणि देवाणघेवाण तर अटीत बसत नाही. पाटी गेली असती. त्यांनी तोंड मिटलं. चिटणीस या नात्यानं मीही काही बोललो नाही. चिटणिसाला दिसतं ते वेगळं आणि त्याच्या लिहिण्यात येतं ते वेगळं, हा भेद पाळला नाही तर कोणतीच संस्था चालणार नाही.

"वा, कोंबड्या छान आहेत," साहेब म्हणाले. "ही वाकड्या तुऱ्याची तर अगदी ऐटबाज. आजची अंडी?"

"आज शनवार हाय सायेब. आमच्यात उचलीत नाय. उंद्या उचलू."

"धार्मिक वृत्तीही टिकवली आहे, एक्सलंट!" साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी ती आपणच टिकवल्यासारखी मान लववली. मग साहेबांना सामाजींच्या ओटीवर भिंतीवरच्या तमारच्या लग्नाच्या फोटोजवळ थोडं थांबवलं, नारळपाणी दिलं आणि रस्त्यानं वळसा घालून शेजारच्या घराकडे नेलं. परसातून मागं कुठंतरी 'बाऽ बाऽ' असं ऐकू आल्यासारखं मला वाटलं. पण श्रावणात वारा असतो.

धर्मराजांच्या परसात शिरलो. मांडवावर पडवळ, वाफ्यात माठ आणि मधोमध आठ-दहा पांढऱ्या कोंबड्या दाणे टिपत होत्या. एकीचा तुरा वाकडा होता. शेजारी वेणू उभी होती. दम लागलेला, आणि आता चिखल पाठीवर होता तसा पोटावरही होता.

साहेब थबकले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. जाळीचं बूड त्यांच्या बुटांपासून फार तर हातभर दूर होतं आणि वेणू त्या भोकासमोर पाय रोवून उभी होती.

"आपण... धर्मराजांच्या?"

"हां सायेब. वेणू."

"मग इथं तरी आजची अंडी असतील?"

"सरावन हाय सायेब. आमच्यात चालत नाय."

"तुमच्यात चालत नाही ते समजलं. पण कोंबड्यांनी घातली असतील ना?"

"त्या पन पालतात, सायेब," वेणू म्हणाली.

साहेबांनी धर्मराजांकडे पाहिलं. धर्मराज म्हणाले, "हां. कडक पालतात." लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांनी बायकोच्या बोलण्याला दिलेला हा पहिला दुजोरा असावा.

संध्याकाळच्या समारंभात साहेब मोकळेपणानं बोलले. मिल्काबाई आणि सामाजीही तेव्हा येऊन बसले होते, पण मिल्काबाईंशी साहेबांची ओळख कुणी करून दिली नाही. साहेब म्हणाले की आपण जिल्हाभर फिरलो, पण इथं जे पाहिलं ते कुठं पाहिलं नाही. दोन घरं, दोन धर्म, आणि तरी योजनेच्या समतोल आहारामुळे दोन्ही घरच्या कोंबड्या सारख्या, इतकंच काय, दोन्ही घरच्या गृहिणींची चेहरेपट्टीही सारखी झाली आहे. पाठीवर चिखल, पोटावर चिखल, अशी मेहनत त्यांनी कुठं पाहिली नव्हती. एकालाच पाटी देणं अन्याय होईल म्हणून दोन्ही घरांना पाटी. टाळ्यांचा कडकडाट झाला. वेणूनं मिल्काबाईंकडे बघितलं आणि दोघींना हसू आवरेना.

मग साहेबांनी हात वर केला. हे यश कशामुळे, असं त्यांनी विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. जाळीमुळे. एका साध्या जाळीनं दोन घरं इतकी स्वावलंबी झाली तर पक्क्या भिंतीनं किती होतील? तेव्हा खास बक्षीस म्हणून मंडळाच्या खर्चानं दोन्ही परसांच्या मध्ये पुरुषभर उंचीची विटांची भिंत बांधून देण्यात येईल.

वेणूचं हसू जागच्या जागी थांबलं. पुढल्या टाळ्या वाजत असताना ती रडत होती, आणि अध्यक्षांनी ते आनंदाश्रू असल्याचं साहेबांच्या लक्षात आणून दिलं.

घरी गेल्यावर धर्मराज तिला एवढंच म्हणाले, "तू तिकडं करत काय व्हतीस?"

"तुमाला पाटी पायजे व्हती ना? गावली. आता ती लावा आनि तिच्याशी बोला."

धर्मराजांनी पाटी लावली. पलीकडे सामाजींनीही लावली. दोन्ही पाट्या रस्त्याकडे तोंड करून होत्या.

भिंत बांधायला काळूराम गवंडी आला. पाया खणून झाल्यावर तो उभा राहून जमिनीचा उतार न्याहाळू लागला. पनवेलचा पाऊस पडला की धर्मराजांच्या परसातलं पाणी सामाजींच्या परसात उतरतं. वाट ठेवली नाही तर एका पावसाळ्यात भिंत आडवी होईल. मोरी ठेवावीच लागणार होती. एवढ्या साध्या गोष्टीचा विचार योजनेत झालेला नव्हता, कारण योजना उन्हाळ्यात तयार झाली होती. काळूरामनं वेणूला विचारलं, "मोरी केवढी ठेवू?"

वेणू मग आत गेली आणि वांग्यांची मोठी टोपली आणून पायावर ठेवली. "येवढी."

पलीकडून मिल्काबाईंचा आवाज आला. "आणि थोडी रुंद ठेव रे काळूराम. वेणूचं अंग आता भरत चाललंय."

भिंत पूर्ण झाली तेव्हा अध्यक्षांनी मोरी पाहिली. एवढी मोठी कशाला, असं त्यांनी विचारलं. काळूरामनं आभाळाकडे बोट दाखवलं. मंडळानं पावसाचं मान लक्षात घेऊन मोरीला मान्यता दिली.

आज भिंतीला बरीच वर्षं झाली. योजना अतिशय यशस्वी झाली आहे. मिल्काबाईंचं परस शनिवारीही हिरवंगार असतं. श्रावणात वेणूच्या कोंबड्या अंडी घालत नाहीत आणि त्याच महिन्यात मिल्काबाईंच्या कोंबड्या दुप्पट घालतात. याचा अभ्यास व्हावा असं आम्ही वर कळवलं आहे. आमचं यश पाहून गावात सगळीकडे भिंती झाल्या. माझ्याही घराला आहे. आम्ही पूर्ण स्वावलंबी आहोत. आमच्या परसात वांग्याचं एक झाड नाही, तरी वांग्याची भाजी घरी फार सुंदर होते.

तोटा म्हणावा तर एकच, आणि तोही फार थोड्यांचा. सामाजी आणि धर्मराज. दोघं अजूनही संध्याकाळी आपापल्या दगडावर येऊन बसतात, भिंतीच्या दोन बाजूंना. सामाजी पूर्वीपेक्षा मोठ्यानं वर्तमानपत्र वाचतात, घरात कुणाला ऐकू जावं म्हणून, असं ते सांगतात. धर्मराज दगडावर बसून सरकारला नावं ठेवतात, स्वतःशीच, पण बातमीच्या क्रमानं. एकाजवळ तंबाखू असते, एकाजवळ चुना. मोरी दोघांच्याही पायाशी आहे. पण तिच्यातून हात घालायचा तर गुडघ्यावर यावं लागतं, आणि दारावर पाटी असलेल्या माणसाला ते जमत नाही. बायका सांगून थकल्या.

वाचकहो, आपल्याही घराला भिंत असेल आणि आपणही कुणाकडून काही घेत नसाल. अभिनंदन. आज जेवताना पानातली भाजी कुणाच्या वाफ्यातली, एवढं घरात विचारून पाहा. उत्तर मिळणार नाही; भाजी थोडी जास्त वाढली जाईल. भिंतीच्या बुडाशी जाऊन वाकून पाहण्याची शिफारस मंडळ करत नाही. पलीकडच्या दगडावर कुणी बसलेलं असलं, तर वाकलेले आपण त्याला दिसाल.